पुराने सातबारा पाहिला नव्हता

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा या एरवी पावसाची वाट पाहणाऱ्या नद्यांनी आपले काठ सोडले. धाराशिव, बीड, सोलापूर, लातूर, जालना, नांदेड या जिल्ह्यांतील उभी पिके पाण्याखाली गेली. सोयाबीन शेंगांतच कुजले, कपाशीची बोंडे काळी पडली, आणि नदीकाठच्या कितीतरी शेतांतील मातीच वाहून गेली. पुढच्याच महिन्यात, ७ ऑक्टोबर रोजी, राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. २९ जिल्हे, २५३ तालुके आणि सुमारे ६८ लाख हेक्टरांवरील पिकांचे नुकसान हा त्या घोषणेचा आधार होता. सत्ताधाऱ्यांनी ही मदत ऐतिहासिक ठरवली, विरोधकांनी तिला धूळफेक म्हटले, आणि वर्तमानपत्रांनी हेक्टरी दरांचे तक्ते छापले.

या गदारोळात मदत किती, हे सर्वांनी विचारले. मदत कुणाला, हा प्रश्न मात्र फार थोड्यांच्या ओठांवर आला. माझ्या मते खरा अन्याय या दुसऱ्या प्रश्नातच दडला आहे. आपली आपत्ती-मदत नुकसान झालेल्या माणसाला शोधत जात नाही. ती सातबाऱ्यावरच्या नावाला शोधत जाते. या दोन व्यक्ती पुष्कळदा एक असतात, पण कितीतरी वेळा त्या एक नसतात. जिथे त्या एक नसतात तिथे ज्याचे सर्वस्व वाहून गेले तो कोरडाच राहतो आणि ज्याच्या अंगाला पाणीही लागले नाही त्याच्या खात्यात पैसे जमा होतात.

आधी त्या 'किती'चाच हिशेब पाहू. केंद्र सरकारच्या आपत्ती-निकषांनुसार २०१५ पूर्वी जिरायती पिकाला हेक्टरी ४,५०० रुपये मिळत. २०१५ मध्ये ते ६,८०० झाले आणि २०२२ ते २०२६ या काळासाठी ८,५००. बागायती पिकाला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत आणि नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच. हेक्टरी ८,५०० म्हणजे एकरी सुमारे ३,४४० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. त्या भावाने एका एकराची मदत म्हणजे जेमतेम ६५ किलो सोयाबीनची किंमत होते. बियाणे, खत, फवारणी, मजुरी आणि चार महिन्यांची आशा यांचे मोल एवढेच!

राज्याने २०२२ मध्ये हे दर आपल्या तिजोरीतून वाढवले होते. जिरायतीला १३,६०० रुपये आणि मर्यादा तीन हेक्टरांची. २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. मे २०२५ मध्ये शासन निर्णय निघाला आणि दर पुन्हा केंद्राच्या पातळीवर, मर्यादा पुन्हा दोन हेक्टरांवर आली. चार महिन्यांनी पूर आला, आक्रोश झाला, तेव्हा मर्यादा परत तीन हेक्टरांची झाली आणि रब्बीच्या पेरणीसाठी म्हणून हेक्टरी १०,००० रुपये वर देण्याचे ठरले. पूर्वी आभाळाकडे पाहून पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला आता निवडणुकीच्या पंचांगाकडेही पाहावे लागते असे कुणी म्हटले तर त्याला दोष कसा द्यावा?

इथे एका शब्दाकडेही लक्ष वेधले पाहिजे. आपण सर्रास 'नुकसानभरपाई' म्हणतो. सरकारी निकषांत हा शब्द नाही. तिथे आहे निविष्ठा अनुदान, म्हणजे पुढच्या पेरणीसाठी लागणाऱ्या बियाण्या-खतांकरिता दिलेला हातभार. शब्दांचा हा भेद क्षुल्लक नाही. भरपाई म्हटली की नुकसान मोजावे लागते. हातभार म्हटला की देणाऱ्याची मर्जी पुरते. पण सरकारचा हाच शब्द आपण त्याच्यापुढे धरू या. हातभार पुढच्या पेरणीसाठी असेल, तर तो पुढची पेरणी करणाऱ्याच्या हाती पडायला नको काय?

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते. मग तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक यांनी मिळून शेतावर जाऊन पंचनामा करायचा. याद्या तहसीलदारांकडे जातात, तिथून वर. पैसा येतो तो सातबाऱ्यावरच्या खातेदाराच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. हे सारे वाचताना नीटनेटके वाटते. पण या साखळीच्या एकाही कडीत 'हे पीक पेरले कुणी?' हा प्रश्न निर्णायक ठरत नाही. निर्णायक ठरतो तो 'ही जमीन कुणाच्या नावावर आहे?' हा प्रश्न.

ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही अशी माणसे कोण? पहिला आहे वाटेकरी. बटाई, खंड, ठोका, अर्धेली अशी त्याच्या कराराची नावे गावोगावी वेगळी. करार मात्र सर्वत्र तोंडी. खंडाची रक्कम तो हंगामाआधी मोजून देतो, बियाणे उधारीवर आणतो, पाणी तोच पाजतो. पीक गेले की नुकसान त्याचे आणि मदत मालकाची. मालक भला असेल तर चार पैसे देतो, नसेल तर पुढच्या वर्षी जमीन दुसऱ्याला देण्याची धमकी तेवढी देतो.

दुसरी आहे शेतकऱ्याची बायको. देशातील वहिवाटीच्या एकूण खात्यांपैकी स्त्रियांच्या नावावर असलेली खाती २०१५-१६ च्या कृषिगणनेत सुमारे १४ टक्के होती. पेरणी, खुरपणी, काढणी यांतला स्त्रियांचा वाटा किती हे शेताच्या बांधावर उभे राहणाऱ्या कुणालाही दिसेल. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि गावेच्या गावे बायकांची नावे सातबाऱ्यावर लावू लागली. ती लाट पुढे ओसरली. आज नवरा कर्जापायी जीव देतो, जमीन सासऱ्याच्या नावावर असते, आणि त्याची विधवा स्वतः पेरलेल्या पिकाच्या मदतीसाठी दिराच्या तोंडाकडे पाहते.

तिसरा, आणि संख्येने सर्वांत मोठा, आहे शेतमजूर. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात शेतकरी सुमारे १ कोटी २५ लाख आणि शेतमजूर सुमारे १ कोटी ३५ लाख होते. म्हणजे ज्यांना आपण शेतकऱ्यांचे राज्य म्हणतो त्या राज्यात शेतकऱ्यांपेक्षा मजूर अधिक. सोयाबीन कुजले तेव्हा काढणीची मजुरीही कुजली. कापूस गेला तेव्हा वेचणीचे दोन महिने गेले. पंचनाम्याच्या कागदावर या बुडालेल्या मजुरीसाठी रकाना नाही. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत ज्यांची उपजीविका गंभीरपणे बाधित झाली अशा कुटुंबांतील दोन प्रौढांना ग्रामीण रोजगार हमीच्या मजुरीदराने काही दिवसांच्या निर्वाहाची तरतूद लिहून ठेवलेली होती. त्या कलमासाठी निघालेला मोर्चा माझ्या ऐकिवात नाही. हेक्टरी दरासाठी मात्र मोर्चे निघाले, कारण हेक्टर असणाऱ्यांचा आवाज विधानसभेपर्यंत पोहोचतो.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कुणी समजू नये. मराठवाड्यातील आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील आपल्या कितीतरी धर्मग्रामांतील कुटुंबांकडे जमीन नाही, किंवा असली तर नावापुरती. ऊसतोडीला जाणारी, दुसऱ्याच्या रानात राबणारी ही आपलीच भावंडे. त्यांच्या चर्चमध्ये पुराचे पाणी शिरले तर आपण वर्गणी पाठवतो, हे चांगलेच आहे. पण सरकारच्या लाखो हेक्टरांच्या यादीत ती का नाहीत, हे विचारणे वर्गणीहून अवघड आणि अधिक निकडीचे आहे.

दुसऱ्या बाजूला वसईच्या आपल्या वाड्या. इथे मालकालाही हा कागद छळतो. हेक्टर हे माप विदर्भाच्या रानांसाठी ठीक; आपल्याकडे हिशेब गुंठ्यांचा. दहा गुंठे भात बुडाले तर ८,५०० च्या दराने ८६० रुपये होतात. निकषांत किमान रक्कम १,००० ठरवली होती म्हणून एवढे तरी. त्यातही सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, वारसनोंद अपुरी, एक काका आखातात, एक आत्या मुंबईत, आणि सर्वांची संमतिपत्रे आणल्याशिवाय मदत नाही. हजार रुपयांसाठी दोन हजारांचा खटाटोप कोण करणार? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने केळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा कागदांच्या या ओझ्याची चर्चा वाड्यावाड्यांत झाली होती. म्हणजे जमीनवाल्यांनाही ठाऊक आहे की कागद आणि माणूस यांची गाठ पडत नाही. मग जमीन नसलेल्याचे दुःख समजायला आपल्याला एवढा वेळ का लागावा?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. सरकार म्हणते, जनतेचा पैसा वाटायचा तर पुरावा हवा. सातबारा नसेल तर कुणीही उठून 'मी पेरले' म्हणेल. आक्षेप रास्त दिसतो. पण पुराव्याच्या या किल्ल्याने चोर रोखले गेले काय? जालना जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टीच्या अनुदान-वाटपातील गैरव्यवहार २०२५ मध्ये उजेडात आला. बनावट लाभार्थी दाखवले गेले, एकाच्या नावे दोनदा रकमा गेल्या. महसूल कर्मचारी निलंबित झाले आणि गुन्हेही नोंदवले गेले. कागदाचा हा दरवाजा असा विलक्षण आहे की त्यातून लबाड आत जातो आणि प्रामाणिक वाटेकरी बाहेर राहतो. शास्त्रातील नाबोथाची गोष्ट आपण सर्व जाणतो. ईजबेलने त्याचा द्राक्षमळा बळकावला तो तलवारीच्या जोरावर नव्हे. तिच्या पत्रांवर राजाची मोहोर होती, साक्षीदार होते, सारे कायदेशीर होते. मोहोर असली म्हणजे न्याय असतो असे ज्यांना वाटते त्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मालक म्हणतात, वाटेकऱ्याचे नाव कुठेही लागले की उद्या तो कूळ म्हणून उभा राहील. ही भीती कशातून आली हे सर्वांना माहीत आहे. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानण्यात आले. आज सातबारा ज्यांच्या हाती आहे अशा असंख्य मराठी कुटुंबांना तो या कायद्यामुळेच मिळाला. आजोबांना 'कसेल त्याची जमीन' या न्यायाने जे मिळाले, त्याच न्यायाचे नाव काढताच नातवाच्या पोटात गोळा यावा, ही आपल्या समाजाच्या स्मृतीवरची मोठी टीका आहे.

तरीही ही भीती दूर करता येते. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये एक कायदा करून दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना ओळखपत्रे देण्याची सोय केली. २०१९ मध्ये नवा कायदा करून मालकाच्या हक्काला धक्का न लावता अकरा महिन्यांचा लेखी करार आणि त्यावर आधारलेले पीक-हक्काचे पत्र आणले. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस जाहीर केलेल्या कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन शेतमजूर यांना सामावून घेतले. या योजनांची अंमलबजावणी निर्दोष झाली असे कुणी म्हणणार नाही. पण मार्ग अशक्य नाही, एवढे त्यांनी दाखवून दिले. आपल्या राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र पाठवता येते. छायाचित्र पाठवणाऱ्याला 'हे पीक कुणी लावले?' एवढा एक प्रश्न त्यात जोडला, आणि मदतीच्या यादीचे चावडीवर जाहीर वाचन केले, तर गावात कोण काय पेरतो हे लपून राहत नाही. तलाठ्याला ठाऊक नसेल, पण गावाला ठाऊक असते.

मोजमाप बदलता येते, याचाही दाखला आपल्या किनाऱ्यावरच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगडातील नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा हेक्टरी दर ५०,००० रुपयांपर्यंत वाढवण्यात आला. पण कोकणातील बाग हेक्टरात मावत नाही, अशी ओरड झाली आणि सरकारने झाडामागे मदत ठरवली: नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. वर्षानुवर्षे जोपासलेल्या पोफळीची किंमत पन्नास रुपये ठरावी, ही थट्टाच होती. पण हेक्टराऐवजी झाड मोजायला सरकार तयार झाले हे खरे. झाड मोजता येते, तर माणूस का मोजता येऊ नये?

खरे तर या राज्याला माणूस मोजायला एकदा येत होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने सातबारा विचारला नाही. जो काम मागेल त्याला काम, हा विचार त्या दिवसांत लाखो हातांपर्यंत पोहोचला. पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती यांवर जमीनवाला आणि भूमिहीन शेजारी शेजारी उभे राहून घाम गाळत होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला. तिच्यासाठी शहरांतील नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. मुंबईत नोकरीला जाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या पगारातूनही तो कापला जाई. शहराने खेड्याच्या हाताला काम द्यावे, आणि ते देताना त्या हाताला जमिनीचा उतारा मागू नये, इतकी साधी आणि इतकी ख्रिस्ती म्हणावी अशी ती व्यवस्था होती. तिच्यातही भ्रष्टाचार झाला, खोट्या हजेऱ्या लागल्या. पण तिचा पाया भुकेवर होता, मालकीवर नव्हता. त्या उंचीवरून आपण आजच्या हेक्टरी तक्त्यापर्यंत खाली आलो आहोत.

म्हणून मागणी दोन शब्दांत सांगायची तर 'दर वाढवा' ही अपुरी आहे. दर दुप्पट झाला तर सातबारा नसलेल्याला दुप्पट शून्य मिळेल. मागायचे ते हे: मदतीचा ठरावीक वाटा प्रत्यक्ष कसणाऱ्याला मिळावा, शेतात राबणाऱ्या पत्नीचे नाव मदतीच्या यादीत असावे, बुडालेल्या मजुरीसाठी निर्वाहाची तरतूद केवळ पुस्तकात न राहता पंचनाम्याच्या कागदावर यावी, आणि यादी गावासमोर वाचली जावी. यांतील एकही मागणी चंद्रावरची नाही.

पण सरकारकडे बोट दाखवून हा लेख संपवणे सोपे होईल, आणि म्हणूनच ते योग्य होणार नाही. आपल्यातील जमीनधारक कुटुंबांना मी सरळ विचारतो. आपली वाडी, आपले शेत आज कोण कसते? घरची मुले बँकांत, विमान कंपन्यांत, परदेशांत गेली. कितीतरी ठिकाणी भाजी लावणारा, फुले खुडणारा, भात झोडणारा हात परका आहे. पावसाने त्या हाताचे पीक नेले आणि मदतीचे हजार-दोन हजार आपल्या खात्यात आले, तर ते पैसे कुणाचे? कायदा म्हणेल, तुमचे. सदसद्विवेक काय म्हणेल? रक्कम लहान आहे म्हणून प्रश्न लहान होत नाही. ज्याला ती नको आहे त्याच्या खात्यात ती लहान असते. ज्याची उधारी थकली आहे त्याच्या घरी ती मोठी असते.

इस्राएलच्या नियमशास्त्रात शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे गोळा करू नयेत, ती गरीब, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू द्यावीत, अशी आज्ञा होती. रूथ ही मवाबी स्त्री, परकी आणि विधवा. तिच्या नावावर एक वावभर जमीन नव्हती. बवाजाच्या शेतात ती हक्काने शिरली, याचना करीत नव्हे. तिला तो हक्क देणाऱ्या शास्त्रात आपल्या प्रभूची वंशावळ आहे, हे आपण नाताळच्या दिवसांत दरवर्षी ऐकतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढले, तेव्हापासून मजुराचा न्याय्य वाटा ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ती केवळ कारखान्यांपुरती लिहिली गेली नव्हती.

प्रत्येक धर्मग्रामात एवढे ठरवता येईल. ज्या खातेदाराची जमीन दुसरा कसतो, त्याने आपत्तीची मदत खात्यात आल्यावर आठवड्याभरात ती कसणाऱ्याच्या हाती द्यावी, आणि पंचनाम्याच्या वेळी स्वतः उभे राहून त्याचे नाव सांगावे. संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे कार्यकर्ते घरोघर जातातच. पावसाळ्यानंतर त्यांनी एवढी एक चौकशी करावी. जे घर हे करील त्याला उद्या सरकारला जाब विचारण्याचा अधिकार राहील. जे करणार नाही त्याने निदान सरकारला कठोर म्हणू नये.

पुराचे वर्ष, २०२५, हे ख्रिस्तसभेचे ज्युबिली वर्ष होते. आपण पवित्र द्वारांच्या यात्रा केल्या, क्षमादानाच्या प्रार्थना म्हटल्या. ज्युबिलीचा मूळ नियम लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात आहे आणि त्याचा मोठा भाग जमिनीविषयी आहे. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती परमेश्वराची आहे; माणसे तिच्यावर केवळ परके आणि उपरे म्हणून राहतात, असे तिथे सांगितले आहे. आपल्या भाषेत बोलायचे तर त्या सातबाऱ्यावर मालकाच्या रकान्यात एकच नाव आहे, आणि आपण सारे, दहा एकरांचा धनी आणि दहा गुंठ्यांचा वाटेकरी, त्याची कुळे आहोत. कुळाने शेजारच्या कुळाचा वाटा खाल्ला, तर त्याचा पंचनामा कुठे होतो हे मराठी ख्रिस्ती वाचकाला निराळे सांगायला नको.